पाच नंबरचा पट्टा

मेंढीला नंबर लागतो, हे आबाजीला सत्तरी जवळ आल्यावर कळलं. तोवर त्याची कधी गरजच पडली नव्हती. तरुणपणी दोनशे मेंढरं पुढं घालून तो दिवाळीनंतर घाट उतरायचा, कोकणातल्या भातखाचरांत खताला वाडा बसवायचा आणि पाऊस जवळ आला की लासुर्ण्याला परत यायचा. दोनशेतली एक कमी झाली तर ती मोजल्याशिवाय त्याला कळायची. कळपाचा रंगच त्याला वेगळा दिसायचा.

आता कालव्याच्या पाण्यावर दीड एकर ऊस होता आणि मेंढरं उरली होती सतरा. पोरगा रविराज वालचंदनगरला नोकरीला जायचा. सतरा मेंढ्यांना रान लागत नाही, बांधावरचं गवत आणि उसाच्या शेंड्यांचं वाढं पुरतं. आबाजी त्यांना गोठ्याशेजारच्या वाड्यात ठेवायचा आणि दिवसातून एकदा कालव्याच्या कडेनं फिरवून आणायचा. एवढ्या कमी मेंढ्या घेऊन हिंडायची त्याला थोडी लाजच वाटे.

बारामतीच्या एमआयडीसीत एक लहानशी कंपनी होती. माणसाच्या शरीरात जी प्रोटीनं असतात, ती तिथं शरीराबाहेर तयार करत. औषध म्हणून नव्हे. ज्यांना रोगांचा अभ्यास करायचा असतो त्या प्रयोगशाळांना ती लागतात. करंगळीच्या पेराएवढ्या नळीत डोळ्याला न दिसणारा ऐवज घालायचा, बर्फात बसवायचा आणि हैदराबादला नाहीतर बंगळुरूला धाडायचा, असा तो धंदा. पण नुसतं प्रोटीन देऊन भागत नाही. ते ओळखणारं काहीतरी त्या लोकांना बरोबर हवं असतं, आणि ओळखायचं काम मेंढीचं रक्त फार चांगलं करतं. म्हणून कंपनीनं आबाजीच्या सहा मेंढ्या ठरवल्या. सहा मेंढ्यांना सहा वेगवेगळी प्रोटीनं टोचायची, तीन-तीन आठवड्यांनी पुन्हा टोचायची, आणि मधूनमधून नळीभर रक्त काढून बघायचं. मेंढ्या आबाजीच्याच वाड्यात राहतील, तोच सांभाळील. जनावराला त्रास होऊ नये म्हणून सरकारचे नियम होते, त्याचे कागद आले, त्यावर आबाजीनं सही केली.

सही त्याला येत होती. पंचेचाळिसाव्या वर्षी साक्षरतेच्या वर्गात पाटीवर अक्षरं गिरवून तो लिहायला शिकला होता. अजून त्याची ओळ चढणीला लागल्यासारखी वर जायची, पण अक्षर लागायचं.

अडलं ते नंबरावर. कंपनीला मेंढ्यांच्या कानात पिवळे बिल्ले ठोकायचे होते. आबाजी नाही म्हणाला. त्याच्या कळपाच्या डाव्या कानाला आज्ज्यापासून चालत आलेली घरची खाच होती. त्या कानावर दुसरी खूण नको, आणि पावसात बिल्ल्याची भोकं चिघळतात, असं त्याचं म्हणणं. शेवटी कंपनीचे विशाल सर म्हणाले, ठीक आहे, गळ्यात पट्टे घाला. निळे पट्टे आले. एक ते सहा आकडे घातलेले.

दर खेपेला यायची ती उत्कर्षा. मुलगी इंदापूरची, शिकून बारामतीला नोकरीला लागलेली. स्कूटीच्या पायाशी बर्फाचा डबा ठेवून ती यायची. सहातलं एक प्रोटीन तिनं पहिल्यापासून स्वतःच्या हातानं केलं होतं. बाकीच्यांत मोठ्यांचा हात होता, हे एकटीचं होतं. ते पाच नंबरच्या मेंढीला द्यायचं होतं.

पाच नंबर म्हणजे थोरली चांदी. काळी मेंढी, कपाळावर पांढरा चांद. तिची जावळी बहीण धाकटी चांदी हुबेहूब तशीच. एका वेताला झालेल्या दोघी, परक्याला ओळखू येत नसत. धाकटी कंपनीच्या सहांत नव्हती.

पहिल्या दिवशी सुई भरताना आबाजीनं विचारलं, "हे माणसाचं हाय म्हन्तीस. कुन्या माणसाचं?"

"कुणाचंच नाही, आबा."

"कुनाचंच न्हाय मग माणसाचं कसं?"

उत्कर्षानं सुई खाली ठेवली आणि त्याला सांगितलं. माणसाच्या शरीराला हे प्रोटीन कसं करायचं हे ठाऊक असतं, ती कृती अंगात लिहिलेली असते. तेवढी कृती उतरवून घ्यायची आणि एका साध्या जंतूच्या पोटात घालायची. जंतूला कळत नाही की ही कृती परक्याची आहे. तो आपली समजून करत सुटतो. मग जंतू फोडून, गाळून, धुऊन त्यातून हवं तेवढंच वेगळं काढायचं. कुठल्या माणसाला हात लावावा लागत नाही.

आबाजीनं थोडा विचार केला. "मंजी कावळ्याच्या घरट्यात कोकिळेचं अंडं."

"तसंच," ती म्हणाली.

"आन मेंढीला कशापायी?"

मग तिनं त्याच्या कुत्र्याकडं बोट दाखवलं. म्हणाली, परका माणूस पहिल्यांदा वाड्यावर आला की कुत्रं नुसतं गुरगुरतं. दुसऱ्यांदा आला की लांबूनच वास ओळखतं. तिसऱ्यांदा आला तर अंगावर जातं. मेंढीच्या रक्ताचंही तसंच आहे. आपण परका तीनदा आणून दाखवायचा. मग ते रक्त त्याला कुठंही ओळखतं, हजार भाग पाण्यात मिसळलं तरी ओळखतं.

हे आबाजीला पटलं. गावाला पटायला वेळ लागला. शेजारचा बिरू पारावर सांगत सुटला की आबाजीच्या मेंढरांत आता माणूस भरत्यात. आबाजीला वाटेत गाठून तो म्हणायचा, "आबा, जपून रं. उद्या तुझी मेंढी सरपंचाला उभी ऱ्हायची." आबाजी म्हणायचा, "राहू दे की. तुझ्यापरास मतं जास्ती पडतील." पण त्या साली त्याचं एक कोकरू कुणी मागायला आलं नाही, हेही खरं.

दोन टोचण्या झाल्या. दहा दिवसांनी उत्कर्षानं रक्त नेलं आणि दुसऱ्या दिवशी मुद्दाम वाट वाकडी करून आली. फोनमधला फोटो तिनं आबाजीला आणि त्याच्या बायकोला, तानूबाईला दाखवला. बारीक बारीक खळग्यांची पाटी होती. ज्या रक्ताला ओळख पटते त्याच्या खळग्यातलं पाणी पिवळं होतं, असं ती म्हणाली. पाच नंबरची रांग शेवटपर्यंत पिवळीधमक होती. सहांत सगळ्यात चांगली.

"भंडाराच जनू," तानूबाई म्हणाली आणि पोरीच्या हातावर गूळ ठेवला.

त्यानंतर दुसऱ्याच दिवशी तानूबाई पडली. पोटात कळ उठली, उलट्या झाल्या, अंगात ताप भरला. रविराजनं तिला बारामतीला नेलं. पित्ताच्या पिशवीत खडे होते आणि पिशवी सडत आली होती. डॉक्टर म्हणाले ऑपरेशन करू, पण वय आहे, खात्री देता येत नाही.

आबाजी दवाखान्यात बसला नाही. तिथं त्याला काही करता येण्यासारखं नव्हतं. तो घरी आला, आंघोळ केली, वाड्यात गेला आणि बिरोबाला नवस बोलला. म्हातारी घरी आली तर एक मेंढी तुला सोडीन. कुठली ते तू सांग.

हे सांगणं कसं व्हायचं ते त्याच्या घरी ठरलेलं होतं. मूठभर भंडारा कळपावर उधळायचा आणि गप्प उभं राहायचं. जी मेंढी पहिल्यांदा अंग थरकवील ती देवाची. त्यालाच कौल म्हणायचं. देवाची झाली की तिची लोकर कातरायची नाही, तिला विकायची नाही, तिच्या अंगाला लोखंड म्हणून लावायचं नाही. ती म्हातारी होऊन मरेपर्यंत कळपात फिरणार.

भंडारा उधळला आणि थोरली चांदी थरकली.

रविराज डबा न्यायला आला होता, त्यानं दारातून हे बघितलं. तो म्हणाला, "तात्या, माशी बसली व्हती तिच्यावर." आबाजीनं डबा पुढं केला. पोरगा डबा घेऊन निघून गेला.

ऑपरेशन नीट झालं. सहाव्या दिवशी तानूबाई घरी आली.

आता आबाजीपुढं पेच आला. पुढच्या सोमवारी तिसरी टोचणी होती, आणि देवाच्या मेंढीला सुई लावता येत नव्हती. उत्कर्षाला सांगावं तर ती बिचारी काय करणार, साहेबाला विचारणार, साहेब म्हणणार कागदावर सही केली आहे. नाही म्हणावं तर कंपनीला दिलेला शब्द मोडतो. हो म्हणावं तर देवाला दिलेला मोडतो. त्यानं दोन दिवस डोकं खाजवलं आणि त्याला एक वाट दिसली. धाकटी चांदी होती की. एका आईच्या पोटात एका वेळी वाढलेल्या दोघी, एकाच कासेला प्यालेल्या. रक्त एकच. धनगराच्या हिशोबानं यात काही खोट नव्हती. जावळ्यांतली एक दगावली तर दुसरीला तिच्या जागी धरतात, तिचं कोकरूही हिला पाजतात. त्यानं थोरलीच्या गळ्यातला पाच नंबरचा पट्टा काढला आणि धाकटीच्या गळ्यात घातला.

सोमवारी उत्कर्षा आली, पट्टे बघून सुया दिल्या, वहीत लिहिलं आणि गेली. थोरलीच्या कपाळावर भंडाऱ्याचं बोट तिला दिसलं, पण काकू बऱ्या होऊन आल्या म्हणून लावलं असेल असं तिला वाटलं. आबाजीनं मेंढ्या धरल्या. त्याचं मन स्वस्थ होतं. देवाचं देवाला गेलं होतं, कंपनीचं कंपनीला.

दहा दिवसांनी रक्त नेलं. त्यानंतर चार दिवस ती फिरकली नाही. पाचव्या दिवशी आली ती डबा न घेता. तानूबाईनं चहा टाकला. पोरगी कप हातात धरून बसली आणि चहावर साय धरली तरी प्याली नाही.

हळूहळू बोलली. पाच नंबरच्या रक्तानं ओळख दिली नव्हती. खळगे जवळजवळ पाण्यासारखे राहिले. बाकी पाच मेंढ्यांचं चढतच गेलं होतं. विशाल सर म्हणाले, दोन टोचण्यांनंतर एवढं चांगलं आलेलं रक्त तिसरीनंतर कोरं पडत नाही. अशी गोष्ट होत नाही. म्हणजे पहिला निकाल खरा नव्हता. तिनं पुन्हा पुन्हा सांगितलं की खरा होता. मागच्या रक्ताचा थेंबभर उरला होता, तो पुन्हा तपासून दाखवला, तो पिवळा आला. सर म्हणाले, ही नळी पाचचीच कशावरून? चिठ्ठी तुम्हीच लावली आहे. ते ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले की आपल्या धंद्यात माल खराब निघाला तर पुन्हा करता येतो, आकडा खोटा निघाला तर माणूस ठेवता येत नाही. महिनाअखेरीपर्यंत बघू.

"तू खोटं लिवलंस असं म्हन्त्यात?" तानूबाईनं विचारलं.

"माझं प्रोटीन चांगलं आहे हे दाखवायला लिहिलं, असं."

आबाजी उंबऱ्यात बसला होता. त्यानं विचारलं, "पोरी, एका जावळ्या बहिणीला वळख असंल तर दुसरीला नसती व्हय?"

तिला प्रश्नाचं कारण कळलं नाही. तरी तिनं उत्तर दिलं. म्हणाली, "आबा, ओळख जन्माची नसते. तुमच्या कुत्र्याच्या भावानं मला कुठं बघितलंय?"

ती गेली. आबाजी उठून वाड्याकडं गेला. कुत्र्याची गोष्ट त्याला पहिल्याच दिवशी कळली होती. कळून उपयोग केला नव्हता.

तीन दिवस तो नेहमीची कामं करत राहिला. मेंढ्या फिरवून आणायचा, वैरण टाकायचा, आणि पट्ट्याकडं बघायचं टाळायचा. सांगितलं तर काय होईल ते त्याला दिसत होतं. ते म्हणणार, खरी पाच नंबरची कुठली, दाखव, तिचं रक्त दे. म्हणजे देवाच्या मेंढीला सुई. आणि ज्या बोलीवर म्हातारी घरी आली ती बोली मोडली तर पुढं काय, हे त्याला मनातसुद्धा म्हणायचं नव्हतं. नाही सांगितलं तर महिनाअखेर आठ दिवसांवर होती.

चौथ्या दिवशी तानूबाई काठी टेकत वाड्यात आली. ऑपरेशननंतर पहिल्यांदाच. कळपावर नजर फिरवली आणि म्हणाली, "धाकटीच्या गळ्यात पट्टा कसा?"

तिचं आयुष्यही मेंढरांतच गेलं होतं. तिला पट्टा बघून मेंढी ओळखायची गरज नव्हती. आबाजीनं सगळं सांगितलं. नवस तिला ठाऊक होता, पट्टा ठाऊक नव्हता. ऐकून ती वैरणीच्या भाऱ्यावर बसली.

"मी जगावं म्हनून बोललासा," ती म्हणाली.

"व्हय."

"मग त्या पोरीची भाकरी घालवून मला जगायचं न्हाय. जावा बारामतीला."

"आन देव?"

"देवाचं देवाशी बोला. आधी पोरीचं."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं आबाजी बारामतीला गेला. कंपनीच्या फाटकावर त्याला कुणी ओळखेना. तासाभरानं आत घेतलं, पायांत कापडी पिशव्या घालायला दिल्या. काचेपलीकडं उत्कर्षा टोपी घालून काम करत होती. विशाल सरांच्या खोलीत त्यानं उभ्या उभ्या सांगितलं, बस म्हणाले तरी बसला नाही. सरांनी उत्कर्षालाही बोलावून घेतलं. तिच्यासमोर त्यानं तेच पुन्हा सांगितलं.

सर पन्नाशीचे, सावकाश बोलणारे होते. ते म्हणाले, "आबा, तुम्ही म्हणता ते खरं असेल. पण ही पोरगी तुमच्या घरी चहा पिते. तिची नोकरी जाईल म्हणून तुम्ही हे सांगत नाही कशावरून? मला दोन्ही मेंढ्या सारख्याच दिसतात."

यावर आबाजीला राग आला नाही. तो साहेबाच्या जागी असता तर त्यालाही हेच वाटलं असतं.

"दुसऱ्या मेंढीचं नळीभर रक्त द्या," सर म्हणाले. "मी स्वतः तपासतो. खरं असेल तर लगेच कळेल."

"त्या मेंढीला लोखंड लावता येत न्हाय."

"मग मला कसं कळणार?"

मग उत्कर्षा म्हणाली, "राहू द्या, आबा. तुम्ही आलात ते पुष्कळ झालं. माझं मी बघते."

तिनं मागितलं असतं तर आबाजीला कदाचित नाही म्हणता आलं असतं. तिनं मागितलं नाही. तो सरांना म्हणाला, "उद्या तुमी स्वता या लासुर्ण्याला. हिलाबी आना."

दुसऱ्या दिवशी दोघं गाडीनं आले. आबाजीनं तीन मेंढ्या वेगळ्या बांधून ठेवल्या होत्या, थोरली चांदी, धाकटी चांदी, आणि कधीच काही न टोचलेली एक तिसरी. हे त्यानं आपल्याच डोक्यानं केलं होतं. सरांनी ते बघून भुवया उंचावल्या.

"किती रगत लागंल?" आबाजीनं उत्कर्षाला विचारलं. "नळीभरच पायजे का?"

"कागदावर वाळवून नेलं तर एक थेंब पुरेल."

मग तो बांधावर गेला. कुंपणाला बाभळीच्या फांद्या रचलेल्या होत्या. त्यातले तीन लांब, पांढरे, नव्या टोकाचे काटे त्यानं मोडून आणले आणि तिच्यापुढं धरले. "हे धू तुझ्या त्या पान्यानं."

उत्कर्षानं सरांकडं बघितलं. सर काट्यांकडं बघत होते. ते म्हणाले, "काट्यासाठी आपल्याकडं नियम नाही." थोड्या वेळानं म्हणाले, "सुईपेक्षा कमीच दुखेल. धुवा."

थोरलीचं डोकं आबाजीनं गुडघ्यांत धरलं. कानाच्या कडेला एक शीर असते, उन्हात उलटा धरला की दिसते. आयुष्यभर मेंढरांच्या अंगातले काटे काढलेल्या माणसानं तिथं काटा घातला. मेंढीनं एक पाय आपटला, तेवढंच. रक्ताचा थेंब फुगून आला आणि तो त्यानं सरांनी धरलेल्या जाड पांढऱ्या कागदावर टेकवला. तसंच बाकीच्या दोघींचं केलं. सरांनी कागदांच्या मागं स्वतः खुणा केल्या आणि त्या उत्कर्षाला दाखवल्या नाहीत. तिला कागदाला हातही लावू दिला नाही. तिला ते लागलं असणार, पण तिलाही हेच हवं होतं.

जाताना सर म्हणाले की झालं ते लिहून द्या. तानूबाईनं नातवंडांच्या दप्तरातून वहीचा कागद काढून दिला. आबाजीनं भिंतीला पाठ लावून अर्धा तास लिहिलं. ओळ नेहमीसारखी वर चढत गेली. दोनच वाक्यं होती. पट्टा मी बदलला. पोरीची चूक नाही. खाली सही.

तिसऱ्या दिवशी उत्कर्षा आली ती स्कूटी लावायच्या आधीच हसत होती. फोटोत तीन खळगे होते. एक पाण्यासारखा, एकदाच टोचलेल्या धाकटीचा जरासा मळकट, आणि एक पिवळाधमक. पहिल्याइतका नव्हे, तिसरी टोचणी थोरलीला मिळाली नव्हती, पण चुकणार नाही इतका. सरांनी सगळं हातानं केलं होतं. मग खुणा उघडल्या आणि तिला म्हणाले, तुमचा पहिला आकडा खरा होता, मी चुकलो. हे त्यांनी चार जणांच्या देखत म्हटलं.

बाकीचं तिनं नंतर, चहा झाल्यावर सांगितलं. पाच नंबर आता धरता येणार नव्हता. जिची ओळख एकदा चुकली ती मेंढी प्रयोगात ठेवत नाहीत. तिच्या प्रोटीनला नवी मेंढी मिळणार होती, पुन्हा पहिल्या टोचणीपासून. ते मागवणारे हैदराबादवाले तीन महिने थांबायला तयार झाले होते. आणि उरलेल्या पाच मेंढ्या कंपनी बारामतीजवळच्या आपल्या गोठ्यात नेणार होती. तिथं कानात बिल्ले असतील. हे सांगताना ती खाली बघत होती.

"बरूबर हाय," आबाजी म्हणाला. "पट्टा काढता येतो. शिकायचं ते कंपनी शिकली."

मेंढ्या न्यायला टेम्पो आला तेव्हा त्यानं एकेकीला उचलून आत घातलं. चालकाला सांगितलं की दोन नंबरची वळणावर बसते, तिला कडेला ठेवू नको. सहावीला ओलं वाढं दिलं तर पोट फुगतं. चालक व्हय व्हय म्हणाला. त्यानं ते लक्षात ठेवलं नाही हे आबाजीला दिसत होतं, म्हणून त्यानं उत्कर्षाला पुन्हा सांगितलं आणि तिनं वहीत लिहून घेतलं. वाड्यात बारा उरल्या. बिरू बांधावरून म्हणाला, "आबा, गेलं की रं तुझं सरपंचपद." आबाजी हसला.

राहिलं होतं देवाचं. पुढच्या रविवारी त्यानं आंघोळ करून भंडाऱ्याची वाटी घेतली आणि थोरली चांदीपुढं उभा राहिला. तानूबाई दारात होती. तो देवाशी बोलायचा तसा मोठ्यानं बोलला. लोखंड लावलं न्हाय. काटा लावला. पोरीसाठी लावला, माझ्यासाठी न्हाय. चुकलं असंल तर सांग, बरूबर असंल तर सांग. आणि भंडारा उधळला.

मेंढी उभी राहिली. पाठीवर पिवळं सांडलं होतं. तिनं थरकायचं काही चिन्ह दाखवलं नाही. रवंथ करत होती, तो चालू ठेवला. रस्त्यानं उसाच्या दोन बैलगाड्या गेल्या, मग एक ट्रॅक्टर गेला. आबाजी हलला नाही.

बऱ्याच वेळानं तानूबाई म्हणाली, "ती न्हाय थरकायची आता. मागल्या खेपेला माशी व्हती, रविराज म्हनाला मला."

आबाजीनं वाटीतला उरलेला भंडारा बोटानं गोळा केला. "माशी तरी कुनी धाडली व्हती?" तो म्हणाला.

मग त्यानं मेंढीचा डावा कान उलटा करून बघितला. काट्याची जागा भरून आली होती, खाचेशेजारी तिळाएवढी खूण राहिली होती. त्यानं कान सोडला, वाड्याचं फाटक काढलं आणि बाराही मेंढ्या कालव्याच्या कडेला घातल्या. थोरली चांदी सगळ्यांच्या मागून चालली.